कर्ज राज्याचं, व्याज खरवईचंही

खरवईच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या कामगाराला विचारा, तुझ्यावर कर्ज किती? तो गाडीचा हप्ता सांगेल, खोलीचा सांगेल. आपले काही बांधव सांगतील की व्याजाच्या पैशाला आम्ही हात लावत नाही, अडचण आली तर भावाकडून, मेहुण्याकडून कर्ज-ए-हसना घेतो. चांगली गोष्ट आहे. पण या प्रत्येकाच्या डोक्यावर साधारण 70 हजार रुपयांचं आणखी एक कर्ज आहे आणि त्याच्या कागदावर त्यांनी कधी सही केलेली नाही.

मार्च 2025 मध्ये अर्थमंत्री म्हणून अजित पवार यांनी 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला. त्यानुसार मार्च 2026 अखेर महाराष्ट्रावरील कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. दहा-अकरा वर्षांपूर्वी ते तीन लाख कोटींच्या आसपास होतं. लोकसंख्या 13 कोटी धरून भागाकार करा, वरचा आकडा मिळतो. या कर्जाच्या व्याजापोटी वर्षाला 64 हजार कोटींहून अधिक द्यावे लागतात, म्हणजे रोजचे 175 कोटी! हे पैसे येतात कुठून? साबण, चप्पल, मोबाइलच्या रिचार्जवरच्या जीएसटीतून. व्याजापासून चार हात लांब राहणारा माणूसही असा रोज थोडं थोडं व्याज भरत असतो.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. कर्जाची मर्यादा राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात तयार होणाऱ्या वस्तू आणि सेवांच्या मूल्याच्या, 25 टक्के मानली जाते आणि आपण 19 टक्क्यांच्या आत आहोत, असं सरकार सांगतं. ते खरं आहे. पंजाबसारख्या राज्यांपेक्षा आपली स्थिती बरी आहे, हेही खरं. पण कर्ज किती, यापेक्षा ते कशासाठी घेतलं हा प्रश्न मोठा असतो. रिक्षा घेण्यासाठी काढलेलं कर्ज रिक्षाच फेडते. किराण्यासाठी काढलेलं कर्ज कोण फेडणार? कल्याण ते बदलापूर तिसऱ्या-चौथ्या रेल्वे मार्गासाठी सरकारने पैसे उभे केले तर सकाळच्या लोकलला लटकणारा एकही बदलापूरकर तक्रार करणार नाही. तो मार्ग पन्नास वर्षं चालेल.

अर्थसंकल्पात यासाठी दोन वेगळे शब्द असतात. सगळ्या खर्चासाठी जी उसनवारी करावी लागते ती राजकोषीय तूट. 2025-26 साठी ती 1 लाख 36 हजार कोटी धरली होती. आणि पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं या रोजच्या खर्चालाच उत्पन्न कमी पडतं ती महसुली तूट. ती 45,891 कोटी होती. म्हणजे नव्या उसनवारीतला तिसरा हिस्सा सरळ किराण्यात गेला. त्यातही हिशेब टिकत नाही. अर्थसंकल्प मांडून चार महिने होत नाहीत तोच पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या.

मग खर्चाला आवर घालायचा तर कात्री कुठे लावायची? इथे खरी गोम आहे. पगार थांबवता येत नाहीत, पेन्शन नाही, व्याज तर अजिबात नाही. महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा या तीन गोष्टींतच जातो. उरलेल्यात ज्याचा आवाज मोठा त्याचं वाचतं. मे 2025 मध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच, आपल्या खात्याचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला म्हणून जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांनाही त्याच योजनेतून पैसे मिळतात, असं सरकारचं उत्तर होतं. मंत्र्याची ही गत, तर वसतिगृहातल्या विद्यार्थ्याचं कोण ऐकणार? दिल्लीतला अनुभव वेगळा नाही. केंद्राने 2022 मध्ये अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली, पाठोपाठ मौलाना आझाद फेलोशिपही. शाळेचं शिक्षण मोफतच आहे, हे शिष्यवृत्तीबाबत दिलेलं कारण. घरून शाळेत जाणाऱ्या पाचवीपर्यंतच्या मुलाला त्यातून वर्षाला 1000 रुपये मिळायचे. एवढ्याने देशाचं कर्ज किती हललं असेल?

लाडकी बहीण योजनेवरही हेच लागू होतं. निवडणुकीच्या तोंडावर, 2024 च्या जूनमध्ये ती जाहीर झाली तेव्हा छाननी जवळपास नव्हतीच. निवडणुकीत 1500 चे 2100 करण्याचं आश्वासन दिलं गेलं. निकालानंतर तरतूद 46 हजार कोटींवरून 36 हजार कोटींवर आली आणि छाननी सुरू झाली. सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र असू शकतात असं पुढे आलं. त्यात काही पुरुषही निघाले. त्यांचं नाव कापलं याचं दुःख नाही. पण ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्या बाईला नवऱ्याने सोडलंय, वडील हयात नाहीत, आणि तलाकचा एकही सरकारी कागद हातात नाही, तिने काय भरायचं? ओरड झाल्यावर मुदत वाढली, विधवा आणि घटस्फोटितांसाठी कागदपत्रांचा वेगळा मार्गही ठेवला गेला. तरी कागदच नसलेली बाई अडकते ती अडकतेच.

उत्पन्न वाढवायचा दुसरा रस्ता सरकारने जून 2025 मध्ये काढला: दारूवरचं शुल्क वाढवून वर्षाला 14 हजार कोटी जादा मिळवायचे. म्हणजे एका बहिणीच्या खात्यात 1500 घालायला दुसरीच्या घरातली बाटली लागणार. दर वाढल्याने पिणं कमी झालं तर तिजोरीला तोटा, आणि कमी नाही झालं तर घराला.

ज्यांना हे आकडे तपासायचे आहेत त्यांनी अर्थसंकल्पासोबत येणारी ‘अर्थसंकल्प संक्षेपात’ ही छोटी पुस्तिका पाहावी. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर ती मराठीत मिळते. एकूण कर्जाच्या आकड्यावर थांबू नका, महसुली तुटीची ओळ शोधा. आमदार प्रचाराला दारात येतील तेव्हा ती वही पुढे करा आणि यातला किराणा किती, रिक्षा किती, एवढं विचारा.