बेटाच्या आत लागणारे पारपत्र

मॉरिशसला जायचे तर आज मराठी माणसाला फार काही लागत नाही. वैध पासपोर्ट, परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि खर्चापुरते पैसे दाखवले की पर्यटकाला विमानतळावरच व्हिसा मिळतो, तोही फुकट. लग्नानंतर आठवडाभर तिकडे जाऊन आलेले एखादे जोडपे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतेच. या लेखाचा विषय मात्र तो पासपोर्ट नाही. दीडशे वर्षांपूर्वी त्याच बेटावर उतरलेल्या आपल्या माणसांना बेटाच्या आत, या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात जाण्यासाठी जो कागद अंगावर बाळगावा लागे, त्याबद्दल मला लिहायचे आहे.

जुन्या ओळखपत्रांचा मला फार वर्षांपासून नाद आहे. परवाने, रेशनकार्डे, गिरणीचे बिल्ले, जिथे मिळेल तिथे मी पाहत आणि वाचत आले. एक प्रश्न त्यातून मनात घर करून बसला: माणूस, त्याचा क्रमांक आणि त्याचे छायाचित्र एकाच कागदावर आणून तो कागद सदैव जवळ बाळगण्याची सक्ती पहिल्यांदा कोणावर झाली? पासपोर्टवर फोटो आला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. ब्रिटनने तो १९१५च्या सुमारास सक्तीचा केला आणि हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा १९२० साली झाला. त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी हिंदी महासागरातल्या एका ब्रिटिश वसाहतीत हजारो शेतमजुरांचे चेहरे सरकारी कागदावर चिकटवले जात होते. युरोपातल्या साहेबांना जे अजून माहीत नव्हते ते ऊसमळ्यावरच्या मजुराच्या खिशात होते. जगातल्या सर्वांत जुन्या सचित्र ओळखपत्रांमध्ये त्याची गणना करावी लागेल.

पार्श्वभूमी वाचकांना माहीत आहेच, म्हणून थोडक्यात. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. ती संपण्याच्या सुमारासच मळेवाल्यांना नवे मजूर हवे होते आणि त्यांनी ते हिंदुस्थानातून आणले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ जण पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत सुमारे साडेचार लाख लोक आले. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. मुंबई बंदराचा वाटा लहान, पण आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. रत्नागिरी, सावंतवाडी आणि आसपासच्या भागातले लोक मुंबईच्या डेपोतून जहाजावर चढले. त्यांच्या वंशजांमुळे आज मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

पोर्ट लुईला उतरल्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि तो मरेपर्यंत सुटत नसे. नोंदवहीत क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवले ते लिहीत. पुढे लग्न झाले, मृत्यू झाला किंवा माणूस मायदेशी परतला की त्याच ओळीच्या कडेला शेरा. आडनावाला रकाना नव्हता. त्यामुळे आजोबाचे पाळण्यातले नाव नातवाचे आडनाव झाले, आणि सखाराम, भिवाजी, रामजी ही आज तिथली मराठी आडनावे आहेत. माणूस विसरला तरी वही विसरणार नाही अशी ती व्यवस्था होती. या वह्या आजही मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत आणि त्यांच्यासोबत छायाचित्रेही आहेत.

छायाचित्रे आली ती १८६०च्या दशकात, आणि त्यामागे एक भीती होती. पाच वर्षांचा करार संपलेल्या मजुराने काय करायचे? सुरुवातीला परतीचा प्रवास सरकारी खर्चाने होता. १८५०च्या दशकात ती सवलत गेली. मग माणसे तिथेच राहिली. कोणी तुकडाभर जमीन खंडाने घेऊन भाजी लावू लागले, कोणी गाय पाळून दूध घालू लागले, कोणी डोक्यावर टोपली घेऊन फेरीला निघाले. सरकारी भाषेत हे ‘जुने स्थलांतरित’. कायद्याने ते मोकळे होते. मळेवाल्यांना नेमके तेच सलत होते. मोकळा माणूस मजुरी ठरवताना घासाघीस करतो. अडकलेला माणूस महिना पाच रुपयांवर पुन्हा अंगठा उठवतो. चोऱ्या वाढल्या, भटके वाढले अशी ओरड वर्तमानपत्रांतून झाली. मला ती ओरड खरी वाटत नाही. तिच्या मुळाशी मजुरीचा दर होता.

१८६७ साली गव्हर्नर सर हेन्री बार्कली यांच्या कारकिर्दीत ३१ क्रमांकाचा वटहुकूम निघाला. त्याच काळात, १८६६ ते १८६८, बेटावर हिवतापाची भयंकर साथ चालू होती. माणसे हजारांनी मरत होती, पोर्ट लुईची वस्ती ओस पडत होती, आणि त्या धामधुमीत सरकार मजुरांच्या खिशातल्या कागदांचे नियम लिहीत होते.

नियम असे. प्रत्येक जुन्या स्थलांतरिताकडे फोटो लावलेले तिकीट असले पाहिजे. तो करारावर काम करत नसेल तर तिकिटाशिवाय पोलिसांचा परवानाही हवा, आणि त्यावर त्याचा धंदा व राहण्याचे ठिकाण लिहिलेले हवे. परवाना एकाच जिल्ह्यापुरता. धंदा बदलला, घर बदलले की पुन्हा पोलीस ठाण्यात हजेरी. बेटाचे जिल्हे नऊ: पोर्ट लुई, पांप्लमूस, रिव्हिएर द्यु रांपार, फ्लाक, ग्रां पोर, सावान, प्लेन विल्हेम्स, मोका आणि ब्लॅक रिव्हर. सगळे बेट मिळून आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही लहान. अंग मोडून चालणारा कोकणी माणूस दिवसभरात दोन-तीन जिल्हे सहज ओलांडेल. पण शेजारच्या जिल्ह्यातल्या बहिणीकडे जायचे तरी त्याला पोलिसाकडे जावे लागे.

कागद नसेल तर तो ‘भटका’ ठरे. पोलीस ठरवून भटक्यांना पकडण्याच्या मोहिमा काढत. रस्त्यात, बाजारात, झोपड्यांत शिरून कागद मागत. सापडलेल्यांना बांधून ठाण्यात नेत. पोर्ट लुईजवळ ग्रांद रिव्हिएर येथे १८६४ मध्ये भटक्यांसाठी खास डेपो बांधलेला होता. तिथे सक्तमजुरी.

या कायद्यातला सगळ्यात क्रूर भाग तिकीट हरवलेल्या माणसाच्या वाट्याला आला. नवे तिकीट मिळे पोर्ट लुईच्या कचेरीत. तिथवर जायला तिकीट लागे. वाटेत पोलिसाने अडवले तर तिकीट हरवले म्हणून नवे आणायला निघालेला माणूस तिकीट नाही म्हणून आत जाई. बेटावरच जन्मलेल्या मुलांना हा कायदा लागू नव्हता. पण रंग तोच आणि नाव तसेच असल्यामुळे पोलीस त्यांनाही धरत, आणि आपण इथलेच असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडे.

इथे आदोल्फ द प्लेव्हित्झ येतो. या सगळ्या अभ्यासात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते या माणसाने, आणि आपल्याकडे त्याचे नावही कोणाला ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. जन्म १८३७, पॅरिस. घराणे जर्मन वळणाचे. १८५८ मध्ये तो मॉरिशसला आला, तिथल्या फ्रेंच घराण्यात लग्न केले आणि नूव्हेल देकूव्हर्त येथे सासऱ्याची मालमत्ता सांभाळू लागला. म्हणजे तो मळेवाल्यांच्याच पंगतीत बसणारा. गप्प राहिला असता तर सुखाने जगला असता. पण पकडून नेलेल्यांच्या हकिगती त्याच्या दारापर्यंत येऊ लागल्या आणि त्याने त्या लिहून ठेवायला सुरुवात केली.

मग त्याने ठरवले की सरकारकडे एकेकाची कैफियत न नेता सगळ्यांचा एकच अर्ज न्यायचा. राजरत्न मुदलियार या तमिळ गृहस्थाची त्याला मोठी मदत झाली. दोघांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या अर्जावर ९,४०१ जुन्या स्थलांतरितांची नावे जमली. ज्यांना कागदाशिवाय जिल्हा ओलांडता येत नव्हता, अशा माणसांच्या या सह्या आहेत. सही द्यायला घराबाहेर पडणेच त्यांच्यासाठी धोक्याचे होते. एवढ्या माणसांनी त्या काळात एकत्र येऊन आपल्या नावानिशी सरकारला सांगितले की हा कायदा आम्हाला मान्य नाही. ही घटना आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत असायला हवी होती.

६ जून १८७१ रोजी अर्ज गव्हर्नर सर आर्थर हॅमिल्टन गॉर्डन यांच्यापुढे गेला. गॉर्डन त्याच वर्षी बेटावर आले होते आणि मळेवाल्यांशी त्यांचे अजून साटेलोटे नव्हते. अर्जात तिकिटाची आणि परवान्याची तक्रार पहिली. शिवाय एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत, थकलेला पगार, मजुराचे ऐकून न घेणारे मॅजिस्ट्रेट. अर्जासोबत द प्लेव्हित्झने स्वतःच्या टिपणांची पुस्तिका छापली. तिच्यात त्याने हातचे राखून काही लिहिले नाही. काही ठिकाणी त्याचा सूर चढला आहे, पण ज्याच्या दाराशी बेड्या घातलेली माणसे आली त्याने कोणत्या सुरात लिहायला हवे होते?

गोरा समाज खवळला. द प्लेव्हित्झला बेटावरून हाकलून द्यावे म्हणून मळेवाल्यांनी आणि त्यांच्या पाठिराख्यांनी उलट अर्ज केला. पोर्ट लुईच्या भर रस्त्यात एका मळेवाल्याने त्याला मारहाण केली. तो हटला नाही.

गॉर्डनने आधी पोलिसांची चौकशी लावली आणि मग लंडनला कळवले की हे प्रकरण स्थानिक पातळीवर मिटणारे नाही. १८७२ मध्ये रॉयल कमिशन नेमले गेले. सदस्य दोन: व्हिक्टर विल्यमसन आणि विल्यम एडवर्ड फ्रेअर. फ्रेअर आपल्या मुंबई इलाख्यात सनदी नोकरी करून निवृत्त झालेले होते. त्यांच्या अहवालाचे जाडजूड खंड १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. द प्लेव्हित्झची प्रत्येक ओळ त्यांनी उचलून धरली नाही. पण परवान्यांचा छळ, पोलिसांच्या मोहिमा, मजुरांची कोर्टात होणारी परवड, या मुख्य आरोपांना त्यांच्या अहवालाने बळकटी दिली. १८७८ मध्ये मजुरांविषयीचा नवा कायदा आला आणि परवान्याचा फास सैल झाला. तिकीट आणि क्रमांक मात्र राहिले. द प्लेव्हित्झने मॉरिशस सोडले. गॉर्डन तेव्हा फिजीचे गव्हर्नर झाले होते. तोही तिकडे गेला.

ट्रान्सवालमध्ये गांधीजींनी ओळखपत्रांची होळी पेटवली ती १९०८ मध्ये, आणि ती आपल्याला शाळेपासून पाठ आहे. सक्तीच्या ओळखपत्राला हिंदी माणसाने केलेला तो पहिला विरोध आहे असे समजून आपण वाढलो. मॉरिशसचा अर्ज त्याच्या ३७ वर्षे आधीचा. त्यात होळी नव्हती, सत्याग्रह नव्हता. नावांची एक लांबलचक यादी होती. मला ती कमी मोलाची वाटत नाही.

करारबद्ध मजुरांच्या त्या काळातली एक गोष्ट अजून जिवंत आहे. मजुरांच्या हिताचे रक्षण करायला ‘प्रोटेक्टर’ नावाचा अधिकारी मुंबईच्या बंदरात असे, तसाच पोर्ट लुईतही. मॉरिशसचा प्रोटेक्टर बहुतेक वेळा मळेवाल्यांच्या बाजूने झुकलेला होता. आजही भारतात ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे पद आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) हा शेरा येतो आणि तो आखातात मजुरीला निघाला की त्याला या कार्यालयाची मंजुरी लागते. १९८३चा कायदा त्याच्या भल्यासाठी आहे, हे मान्य. पण शिकलेल्याला सरळ विमान आणि न शिकलेल्याला आधी परवानगी, हा भेद मला त्या जुन्या तिकिटांची आठवण करून देतो. तो बदलावा असे मला मनापासून वाटते.

आता त्या क्रमांकांना नवे काम मिळाले आहे. मार्च २०२४ मध्ये मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनासाठी गेलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी जाहीर केले की भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळेल. इतर बहुतेक देशांतल्या लोकांना ही सवलत साधारण पणतवंडांपर्यंतच. सातवी पिढी म्हणजे १८४०-५० मध्ये गेलेल्या माणसाच्या नातवाच्या नातवाच्याही पुढची. तिने भारताशी नाते सिद्ध करायचे कशावरून? गावी जन्मदाखला नाही. त्या काळी कोकणात जन्माची नोंद कोण ठेवत होते? मोक्याच्या संग्रहातून निघणारा उतारा हाच आधार. पूर्वजाचा क्रमांक सापडला की जहाज सापडते, जहाज सापडले की गाव. एकेकाळी पोलिसाने ज्या क्रमांकासाठी माणसाला अडवले, तोच क्रमांक त्याच्या वंशजाला भारताचे दार उघडून देतो.

मराठी कुटुंबांची अडचण इथे सुरू होते. मुंबईच्या जहाजांवरची नावे इंग्रजी-फ्रेंच कारकुनांनी ऐकू येतील तशी लिहिली. कोकणातल्या वाड्यांची आणि मौज्यांची नावे इतकी वाकली आहेत की मॉरिशसमधल्या माणसाला आपले गाव नकाशावर सापडत नाही. ते ओळखता येईल ते इथल्याच माणसाला: ज्याला राजापूर, लांजा, देवगड, सावंतवाडीकडच्या वाड्यांची नावे तोंडपाठ आहेत, ज्याला खोतांची दप्तरे आणि मोडी वाचता येते. मोक्याच्या नोंदवह्यांतली मुंबईहून आलेल्यांची पाने आणि कोकणातली जुनी दप्तरे समोरासमोर ठेवून एकेक गाव जुळवायला हवे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम सहज उचलता येईल, आणि मोडी जाणणारी पिढी आहे तोवरच ते हाती घ्यायला हवे.