टेम्प्लेटचे महिरपी कंस आणि एडिटरच्या लाल रेघा

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी एकच तक्रार केली होती. जँगोचं पान ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालतं, पण तीच फाइल व्हीएस कोडमध्ये उघडली की लाल रेघांचा सडा. चूक नसताना चूक का दाखवतो हा? आज तेवढंच घेऊ.

आधी ही फाइल वाचतं कोण, ते बघू. पहिला वाचक म्हणजे सर्व्हरवरचं टेम्प्लेट इंजिन. ते दुहेरी महिरपी कंस शोधतं आणि तिथे खरी माहिती भरतं. दुसरा ब्राउझर, त्याला ते कंस कधी दिसतच नाहीत. एडिटर हा तिसरा वाचक. तो वाचतो कच्ची फाइल, पण चष्मा लावतो ब्राउझरचा. साध्या परिच्छेदात कंस आले तर एचटीएमएलच्या लेखी तो नुसता मजकूर, म्हणून तिथे तो गप्प असतो. स्क्रिप्ट टॅगच्या आत मात्र जावास्क्रिप्टचे नियम लागतात. बरोबरच्या चिन्हापुढे पहिला कंस आला की त्याला वाटतं, ऑब्जेक्ट सुरू झालं, आता गुणधर्माचं नाव येणार. आणि येतो काय, तर आणखी एक कंस! मग 'प्रॉपर्टी असाइनमेंट एक्स्पेक्टेड' अशी कुरकुर.

इथवर नुसता त्रास आहे. धोका पुढे आहे. ही रेघ घालवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कंसांना अवतरण चिन्हांत घालायचं. आम्हीही एका कार्यशाळेच्या नोंदणीच्या पानावर हेच केलं होतं. रेघ गेली, आम्ही खूश. मग गोव्याहून एका डिसोझांनी नाव नोंदवलं, रोमन लिपीत, मध्ये अपॉस्ट्रॉफी असलेलं. पानावर त्यांच्या नावाच्या मधोमध अँपरसँड, हॅश आणि आकडे उमटले. झालं असं की जँगो सुरक्षेसाठी ती अपॉस्ट्रॉफी एचटीएमएलच्या सांकेतिक रूपात बदलतं, पण स्क्रिप्टच्या आत ब्राउझर ते रूप उलगडत नाही.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'सेफ' फिल्टर लावा. कृपा करून लावू नका! मग कुणीही नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट बंद करणारा टॅग लिहून पुढे स्वतःचा कोड घालू शकतो, आणि तो तुमच्या वाचकांच्या ब्राउझरमध्ये चालतो. म्हणजे बघा, कोड बरोबर होता तेव्हा एडिटर ओरडत होता, आणि भोक पडलं तेव्हा चिडीचूप.

मग करायचं काय? सेटिंगमध्ये एचटीएमएलच्या आतल्या स्क्रिप्ट आणि स्टाइल यांची तपासणी बंद करता येते. दोन मिनिटांचं काम, पण मग खरोखर राहिलेला कंसही कुणी दाखवणार नाही. दुसरा मार्ग बरा: जँगोचं एक्स्टेंशन घ्यायचं आणि 'फाइल्स असोसिएशन्स' या सेटिंगमध्ये टेम्प्लेट्सच्या फोल्डरातल्या फाइल्सना जँगो एचटीएमएल ही भाषा नेमून द्यायची. कंसांना रंग येतात, रेघा जातात. एमेट चालेनासं झालं तर 'एमेट इन्क्लूड लँग्वेजेस'मध्ये याच भाषेपुढे एचटीएमएल लिहा. मात्र रेघा गेल्या त्या तपासणी थांबली म्हणून, हे विसरू नका.

आम्हाला पटतो तो तिसरा मार्ग: माहिती आणि कोड वेगळे ठेवायचे. जँगोच्या २.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, 'जेसन स्क्रिप्ट' नावाचं फिल्टर आहे. ते माहितीसाठी स्वतंत्र स्क्रिप्ट टॅग तयार करतं, त्याला आयडी देतं आणि प्रकार लिहितं जेसन. ब्राउझर तो टॅग कोड म्हणून चालवत नाही. लहान-मोठेपणाची चिन्हं आणि अँपरसँडही ते युनिकोड रूपात बदलतं, त्यामुळे बंद करणारा टॅग आत शिरतच नाही. मग तुमची जावास्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये जाते, आयडीवरून तो मजकूर उचलते आणि जेसन पार्स करते. त्या फाइलमध्ये एकही टेम्प्लेटचा कंस नाही, म्हणून एडिटरची तपासणी पूर्ण चालू ठेवता येते. आता लाल रेघ दिसली तर ती वाचण्यासारखी असते. डिसोझांचं नावही नीट आलं. फ्लास्क वापरणाऱ्यांनी जिंजाचं 'टू जेसन' घ्यावं. एखादाच आकडा पाठवायचा असेल तर डेटा अॅट्रिब्यूट पुरे.

जाता जाता एक. सेव्ह करताना आपोआप फॉरमॅट करायची सोय चालू असेल तर स्क्रिप्टमधले दुहेरी कंस कधी कधी मोकळे करून ठेवले जातात, दोन कंसांमध्ये जागा. मग इंजिन त्यांना ओळखत नाही आणि ते जसेच्या तसे ब्राउझरपर्यंत पोचतात. जुन्या प्रकल्पात सगळी टेम्प्लेट्स एका दिवसात बदलता येणार नाहीत, तेव्हा तोवर त्या फाइल्सपुरती ही सोय बंद ठेवा. आणि सुरुवात करा ती वापरकर्त्याने भरलेली माहिती जिथे स्क्रिप्टमध्ये जाते, त्या पानांपासून.