नव्वद दिवसांचा दाखला (लेखांक 5)

बांधकामावरचा सेस कसा गोळा होतो, ते मागच्या आठवड्यात पाहिले. तो पैसा मजुरापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर एक अट उभी आहे, आणि आजचा लेख तिच्याविषयी आहे. मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या, 18 ते 60 वयाच्या मजुरालाच बांधकाम कामगार कल्याण मंडळाचा लाभार्थी होता येते, असे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने ठरवले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे 90 दिवस तसेच ठेवले. वर्षातले तीन महिने काम, एवढेच मागणे असल्याने अट सौम्य वाटते. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत राहून रोजच्या कामाच्या शोधात कडिया नाक्यावर (मजूर-अड्ड्यावर) उभे राहणारे धुळे-नंदुरबारकडचे मजूर सहसा त्याहून कितीतरी जास्त राबतात. तरी अट त्यांनाच आडवी येते, कारण टेबलामागच्या अधिकाऱ्याला काम दिसत नाही, कागद दिसतो.

हा कागद द्यायचा कोणी? मुख्यतः मालकाने किंवा ठेकेदाराने. पण नाक्यावरचा मजूर चार दिवस एका मुकादमाकडे, आठवडाभर दुसऱ्याकडे, मग स्लॅब भरायला तिसऱ्याकडे जातो. त्याचे 90 दिवस खरे असले तरी ते सगळे पाहिलेला माणूस एकही नसतो. शिवाय दाखल्यावर सही करणे म्हणजे हा मजूर आपल्याकडे कामाला होता हे मान्य करणे. उद्या अपघात झाला, किमान वेतनाची तक्रार झाली, तर तीच सही अंगाशी येईल, ही भीती ठेकेदाराला असते. म्हणजे ज्याला नाकारण्यातच सोय आहे, त्याच्या हाती कायद्याने किल्ली दिली आहे. महाराष्ट्रात ग्रामसेवकही हा दाखला देऊ शकतो, पण नवापूर तालुक्यातल्या ग्रामसेवकाने सुरतेतल्या इमारतीवरची हजेरी कशी पडताळायची? प्रामाणिक ग्रामसेवक सही नाकारेल, आणि त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत मजूर मोजेल. आजारपणाचा नियम त्याहून कठोर होता. 1996 च्या कायद्यात नोंद टिकवण्यासाठीचे दिवस मोजताना कामावरच्या अपघाताने पडलेला खाडा वगळला जाई, पण क्षयाने अंथरुणाला खिळलेल्याला किंवा बाळंतिणीला तशी सूट नव्हती.

अट सैल केली तर बोगस नोंदी वाढतील, हा आक्षेप गंभीर आहे. अशा तक्रारी अनेक राज्यांत झाल्या आहेत, आणि सेस बांधकाम मजुरांचाच आहे, तो इतरांच्या खिशात जाता कामा नये. पण बोगस माणसाला दाखला मिळवणे अवघड नसते. पैसे मोजले की सही मिळते. ज्याच्याकडे मोजायला पैसे नाहीत, तो खरा मजूर मागे राहतो. कामाचा पुरावा मागणाऱ्या अटीत खरे पात्रच कसे गळतात, याचे उदाहरण बाहेरही आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने 2018 मध्ये सरकारी आरोग्यविम्यासाठी महिन्याला 80 तास कामाची अट घातली. काही महिन्यांतच सुमारे 18,000 लोकांचा विमा गेला, आणि रोजगार वाढल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. अट लागू असलेल्यांपैकी बहुतेक जण आधीच काम करत होते किंवा सवलतीस पात्र होते. निधी पुरणार नाही, हा दुसरा आक्षेप तर टिकतच नाही. मार्च 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की देशभर 37,400 कोटींहून अधिक सेस जमला होता आणि त्यातले जेमतेम 9,500 कोटी वापरले गेले होते.

पडताळणी हवीच, पण ती उलट्या टोकाने व्हावी. बांधकामाची परवानगी महापालिका देते, सेसचा हिशेब इमारतीवार होतो आणि हजेरीपट ठेवण्याचे बंधन मालकावर आहे. सेस भरताना त्या हजेरीची प्रत मंडळाकडे आली, आणि अधिकारी सकाळी सातला नाक्यावर जाऊन नोंदणी करू लागला, तर दाखल्यासाठी मजुराची वणवण थांबेल. तोवर ज्या वाचकांचे बांधकाम सुरू आहे, त्यांनी ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक मजुराला नाव, तारखा आणि सहीसह दाखला मिळाला का, हे विचारावे.