डाग फोटोवरचा

दिवाळीची आवराआवर म्हणजे आमच्या घरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरण्याचा दिवस. यंदा ती उतरली आणि तिच्यातून जुन्या फोटोंचे पाकीट निघाले. आई आता पंच्याऐंशीची. त्या फोटोंतली माणसे ओळखणारी घरात ती एकटीच. म्हणून तिला विचारून प्रत्येक फोटोमागे नाव लिहायचे मी ठरवले. हौसेने फाउंटन पेन भरले. पहिलेच नाव लिहिताना ते उमटेना, म्हणून एक झटका दिला, आणि निळ्या शाईचा टपोरा थेंब शेजारच्या फोटोवर पडला!

तो फोटो माझ्या मावशीचा. १९५६ साली पुण्याच्या एका स्टुडिओत काढलेला. पुढे दोनच वर्षांनी, बाविसाव्या वर्षी मावशी गेली. तिचा दुसरा फोटो नाही, निगेटिव्हही नाही. आईने फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता आत निघून गेली. ती रागावली असती तर बरे वाटले असते.

घाबरलेला माणूस करतो तेच मी केले. हातरुमालाने थेंब पुसला. वाटाण्याएवढ्या थेंबाचा रुपयाएवढा डाग झाला. मग घरात वैद्यांची सभा भरली. सौभाग्यवती म्हणाली, "लिंबू-मीठ लावा." शेजारच्या वहिनींनी नेलपॉलिश काढायची बाटली आणून दिली. चिरंजीव तर कपड्यांचे ब्लीच घेऊनच आले. सुदैवाने मला आमच्या पेठेतल्या वृद्ध फोटोग्राफरांची आठवण झाली. त्यांची सारी हयात डार्करूममध्ये गेलेली. तसाच त्यांच्याकडे धावलो.

"पुसलात ना?" डाग पाहताच त्यांनी विचारले. मी मान खाली घातली.

"अहो, टीपकागदाचा कोपरा थेंबाला नुसता टेकवायचा होता. बरीचशी शाई त्यानेच ओढून घेतली असती. दाबायचे नाही नि घासायचे तर मुळीच नाही."

घरातल्या औषधांची यादी ऐकून त्यांनी कानाला हात लावले. "हे काय धोतर आहे? काळ्या-पांढऱ्या फोटोत कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. चित्र म्हणजे त्या थरात बसलेले चांदीचे बारीक कण. शाई त्या थरातच मुरते. ब्लीच शाई घालवील, पण बरोबर चांदीही खाईल आणि थरही. लिंबाचे आम्ल कागदात राहिले की कागद पुढे ठिसूळ होतो. मिठाचे ओरखडे वेगळेच!"

"मग साधे पाणी? फोटो तयार होताना पाण्यातच धुतात ना?" मी ज्ञान पाजळले.

"तेव्हा तो थर नवा होता. इतके पावसाळे काढल्यावर बुरशी लागली असेल, तर तोच थर पाण्यात विरघळतो. हाताने रंगवलेल्या फोटोंना पाणी लावू नये. घरच्या प्रिंटरवर छापलेल्यांचा तर रंगच पसरतो."

त्यांनी आधी स्कॅनरवर फोटोची नक्कल करून घेतली. "आधी नक्कल, मग औषध," ते म्हणाले. नंतर पांढऱ्या कडेच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहिला. थर चिकट झाला नाही, तेव्हाच पुढे गेले. काडीला कापूस गुंडाळला, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून जवळजवळ कोरडा होईतो पिळला आणि डागावरून अलगद लोळवला. घासला नाही. प्रत्येक वेळी नवा कापूस. कापसावर निळे उतरू लागले तसा माझ्या जिवात जीव आला.

"तुमचे नशीब, साधी निळी शाई होती," ते म्हणाले. "निळ्या-काळ्या शाईत कधीकधी लोखंडाचा अंश असतो, तो पाण्याने जात नाही. बॉलपेनची शाई तेलकट, तिला पाण्याचा उपयोग नाही. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कोपऱ्यावर पारख करून. रंगीत फोटोवर तो प्रयोग घरी करू नये."

नवव्या कापसाला ते थांबले. मावशीच्या पदरावर फिकट निळी छटा उरली होती.

"अजून थोडे आहे," मी म्हणालो.

"राहू द्या. थर ओला होऊन मऊ झालाय. आणखी हाव धरलीत, तर डागाबरोबर पदरही जाईल. उरलेला डाग नकलेतून काढू."

फोटो त्यांनी टीपकागदावर उताणा, सावलीत वाळत ठेवला. काचेला चिकटवून फ्रेम करू नका, असेही बजावले. दमट हवेत जिलेटिन काचेला धरते. नकलेवरचा डाग कॉम्प्युटरवर अर्ध्या तासात गेला.

चार दिवसांनी दोन्ही फोटो आईपुढे ठेवले. तिने स्वच्छ नक्कल पाहून बाजूला ठेवली. मूळचा फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"थोडे निळे राहिले," मी चाचरत म्हणालो. "पण साडीचाच रंग वाटतो, नाही?"

"साडी हिरवी होती रे," आई म्हणाली. "अक्काच्या पहिल्या दिवाळसणाची. मी हट्ट करून एक दिवस नेसले होते. तिने ओरडायचे सोडून मला निऱ्या घालून दिल्या."

हे मी कधी ऐकले नव्हते. फोटो स्वच्छ पुसलेल्या टेबलावर पालथा ठेवला आणि या वेळी मऊ शिसपेन्सिल घेतली. पेनची शाई कागदातून पुढे उमटते, गठ्ठ्यातल्या दुसऱ्या फोटोला लागते. पेन्सिलीला ती भीती नाही. हलक्या हाताने, कडेलगत लिहिले: 'अक्का. पुणे, १९५६. दिवाळसणाची हिरवी साडी.'

आईने चष्मा सारखा केला आणि पाकिटातला पुढचा फोटो हातात घेतला.