मानेवरच्या सुरकुत्या : वयाच्या किती, उन्हाच्या किती?

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्यातील एक उंच पठार. मुंबई-ठाण्याचा घाम पुसत वर आलेल्या माणसाला इथली हवा सुखद वाटते. मात्र इथे नाचणी-वरईच्या शेतात आयुष्य घालवलेल्या वृद्धांची मान पाहिली, तर तिच्यावर खोल, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. त्याच माणसाच्या दंडाची आतली बाजू पाहावी. ती कातडी पातळ आणि थोडी सैल झालेली असते, पण मऊ आणि जवळजवळ विनारेषेची असते. दोन्ही जागांचे वय एकच आहे. मग हा फरक कशामुळे पडतो?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर मान आणि जबड्याची कड 'पुन्हा तरुण' करून देणाऱ्या बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांकडेही डोळसपणे पाहता येते. अशा उपचारांच्या जाहिराती आता मोबाइलवरून गावोगावी पोहोचल्या आहेत, म्हणून हा विषय वर्गातही यायला हवा.

त्वचेतली दोरी आणि रबर

त्वचेचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा कागदासारखी पातळ असते. तिच्याखालच्या अंतस्त्वचेत दोन प्रकारचे प्रथिनतंतू असतात. कोलॅजन बळकटी देते, तर इलॅस्टिन ताणलेली त्वचा पूर्ववत करते. कोलॅजनचा रेणू वाखाच्या दोरीसारखा तीन पेडांचा असतो. ही तिपेडी रचना १९५४-५५ च्या सुमारास मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी उलगडली. भारतीय विज्ञानातील ही मोठी कामगिरी आहे. हे पेड घट्ट राहण्यासाठी शरीराला 'क' जीवनसत्त्व लागते. ते फार कमी पडले की स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत.

वयाबरोबर नवे कोलॅजन बनण्याचा वेग मंदावतो. इलॅस्टिनची तर बहुतेक घडण वाढीच्या वयातच होते आणि पुढे ते जवळजवळ आयुष्यभर पुरवावे लागते.

मानेची अडचण आणखी वेगळी आहे. तिथली त्वचा पातळ असते आणि तीत तैलग्रंथी कमी असतात. त्वचेला लागूनच छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत पसरलेला एक पातळ स्नायू असतो. उतारवयात त्याच्या कडा दोरीसारख्या उभ्या दिसू लागतात. गालातील चरबी खाली सरकते. दात पडले की जबड्याचे हाडही झिजते आणि त्वचेचा आधार जातो. मिश्री-तंबाखूने हिरड्या खराब करून घेतलेल्यांना हे लवकर भोगावे लागते.

थंड हवा आणि तिखट किरण

वयाचा हा भाग कुणालाच चुकत नाही. दंडाची आतली बाजू आणि मान यांत दिसणारा फरक मात्र मुख्यतः उन्हाचा आहे. सूर्याचे अतिनील किरण अंतस्त्वचेपर्यंत पोहोचले की तिथल्या पेशी कोलॅजन तोडणारी विकरे सोडतात. तुटलेले तंतू पुन्हा जोडले जातात, पण पूर्वीसारखे नीट नव्हे. अशी लहान लहान तूटफूट वर्षानुवर्षे साठत जाते. इलॅस्टिनच्या गुठळ्या होतात, त्वचा जाड आणि पिवळट होते व तिला भेगांसारख्या रेषा पडतात. १८९४ साली जर्मन त्वचातज्ज्ञ उन्ना यांनी खलाशांच्या त्वचेत आणि १८९६ साली फ्रेंच वैद्य द्युब्रई यांनी द्राक्षमळ्यांतील मजुरांच्या त्वचेत असे बदल नोंदले होते. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले. २८ वर्षे गाडी चालवताना खिडकीकडे राहिलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती.

आता सूर्यमाळचा विचार करू. हे गाव सुमारे पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. दुसरी वेळ नेमकी लावणीची. विरळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो आणि वाकून लावणी करणाऱ्याची मान आकाशाकडे उघडी असते. शिवाय उंची वाढेल तसा हवेचा थर कमी होतो. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. अतिनील किरण ऊब देत नाहीत, म्हणून हवा गार असली तरी ते सौम्य असतील असे समजू नये.

आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असते. ते किरण शोषून घेते, त्यामुळे सुरकुत्या उशिरा पडतात. हे संरक्षण मात्र अपुरे असते.

उपचार काय करतात?

उपचारांची नावे बरीच आहेत, पण त्यांमागची तत्त्वे मोजकी आहेत.

पहिले तत्त्व उष्णतेचे. माशाचा तुकडा तापल्या तव्यावर टाकला की त्याची कातडी आक्रसते, कारण तिच्यातले कोलॅजन आकसते. रेडिओलहरी किंवा एका बिंदूवर एकवटलेल्या श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरून अंतस्त्वचेचे किंवा तिच्याखालच्या थराचे तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात. भिंगाने सूर्यकिरण कागदावर एकवटावेत, तसाच हा प्रकार. वरची त्वचा वाचते आणि आत लहान जखमा होतात. शरीर त्या भरून काढताना पुढच्या तीन ते सहा महिन्यांत नवे कोलॅजन तयार करते. म्हणजे यंत्र इजा करते आणि दुरुस्ती शरीर करते. त्यामुळे फळ बेताचेच मिळते आणि ते माणसागणिक वेगळे असते.

दुसरे तत्त्व स्नायू सैलावण्याचे. बोट्युलिनम विष अत्यल्प प्रमाणात टोचले की मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचत नाही. मानेवरच्या उभ्या पट्ट्यांसाठी या औषधाला अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम काही महिने टिकतो. औषध आतल्या स्नायूंत पसरले, तर गिळायला त्रास होऊ शकतो.

तिसरे, चरबी विरघळवणे. पित्तात आढळणारे डीऑक्सिकोलिक आम्ल हनुवटीखाली टोचले की चरबीच्या पेशींची पटले फुटतात. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. त्याने त्वचा घट्ट होत नाही, आणि जबड्याजवळची नस दुखावली तर हसू काही काळ वाकडे होऊ शकते.

चौथे, भर घालणे. हायलुरॉनिक आम्लाचा जेल टोचून जबड्याची कड उठावदार करतात. तो हळूहळू विरतो. चुकून रक्तवाहिनीत गेल्यास तिथली त्वचा मरू शकते.

मलमांपैकी 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेल्या ट्रेटिनॉइनचा उपयोग १९८० च्या दशकापासून अभ्यासला गेला आहे. ते महिनोन्महिने लावावे लागते, त्वचेची आग होते आणि गरोदरपणात ते टाळतात. 'कोलॅजनयुक्त' मलमातील कोलॅजनचे रेणू मात्र इतके मोठे असतात की ते त्वचेतून आत जात नाहीत.

आपल्या त्वचेचे धोके

सावळ्या त्वचेला भाजले वा खरचटले की तिथे काळा डाग राहण्याची शक्यता अधिक असते. म्हणून लेसर, रासायनिक साल काढणे आणि उष्णतेचे उपचार प्रशिक्षित त्वचातज्ज्ञाकडूनच करून घ्यावेत. दुकानातून आणलेल्या 'गोरे करणाऱ्या' मलमांत कधी कधी स्टेरॉइड असते. सुरुवातीला त्याने त्वचा उजळ दिसते, पण पुढे ती पातळ आणि लाल होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एखाद्या मुलाची मान मागून काळी, जाड, मखमलीसारखी दिसत असेल, तर तो मळ असेलच असे नाही. इन्सुलिनला शरीर नीट प्रतिसाद देत नसल्याची ती खूण असू शकते. अशा मुलाला मान घासायला सांगण्याऐवजी आरोग्य केंद्रात पाठवावे.

शाळेत काय करता येईल?

१. हाताच्या पाठीवरची त्वचा चिमटीत धरून सोडावी आणि ती सपाट व्हायला लागणारा वेळ मोजावा. विद्यार्थी, पालक आणि आजी-आजोबा यांच्या नोंदींची तुलना करावी.

२. घरातील मोठ्यांच्या परवानगीने त्यांची मानेची बाजू, हनुवटीखालचा भाग आणि दंडाची आतली बाजू यांचे निरीक्षण करावे. हनुवटीच्या सावलीत राहिलेला भाग उजळ आणि मऊ दिसतो.

३. मैदानात दर तासाला काठीची सावली मोजावी. सावली काठीहून आखूड असेल, तेव्हा सूर्य ४५ अंशांच्या वर असतो आणि अतिनील किरण तीव्र असतात. प्रार्थना, कवायत आणि खेळाचे तास त्या वेळेबाहेर ठेवावेत.

ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर येथे ९०३ जणांवर साडेचार वर्षे झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ऊनरोधक मलम लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. मलम परवडत नसले तरी डोक्या-मानेवरून घेतलेला टॉवेल, पदर, रुंद काठाची टोपी आणि पावसाळी शेतातले इरले किरण अडवतात. गेलेले इलॅस्टिन परत आणणारे यंत्र अजून निघालेले नाही. असलेले जपण्याची सुरुवात शाळकरी वयातच करावी लागते.