मारुताला हवं होतं ते इंजिन

११ ऑक्टोबर २०२४. आमच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे त्या दिवशी कुणीतरी आधीच काढून ठेवले होते, कारण सगळ्यांना उलव्याच्या दिशेला पाहायचं होतं. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर हवाई दलाचं सी-२९५ हे मालवाहू विमान पहिल्यांदा उतरलं आणि सुखोई-३० डोक्यावरून गर्जत गेलं. उलव्याची टेकडी कापणाऱ्या सुरुंगांचे आवाज आम्ही पनवेलकरांनी वर्षानुवर्षं ऐकले आहेत, पण हा आवाज थेट छातीत बसला. शेजारचे आजोबा नातवाला म्हणाले, "हे आपल्या नाशकात बनतं बरं का." नातवानं लगेच विचारलं, "म्हणजे आपणच शोधलंय?"

सुखोई ओझरला तयार होतं, पण त्याचा आराखडा रशियाचा. त्या मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर वरळीला उभं आहे. हार्बरनं कुर्ला, तिथून दादर, मग महालक्ष्मी. नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान ठेवलेलं आहे. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं हे पहिलं लढाऊ जेट. मारुत म्हणजे वारा. आपल्या गावोगावचा मारुती त्याचाच लेक. शाळांच्या सहली त्याच्यापाशी फोटो काढतात आणि पुढे जातात. मला मात्र तिथे गेलं की एक माणूस आठवतो.

त्या माणसाआधी विमानाबद्दल. मारुतकडे बाजूनं पाहिलं, तर पंख जिथे जोडलेत तिथे त्याची कंबर आवळलेली दिसते. आवाजाच्या वेगाजवळ गेल्यावर हवा फार अडवते, आणि तो विरोध विमानाच्या एकूण जाडीत होणाऱ्या चढउतारावर अवलंबून असतो. पंखांमुळे एकदम वाढलेली जाडी धडातून कमी केली, की हवेतून वाट काढणं सोपं जातं. हे ज्ञान तेव्हा जगातही ताजं होतं. आणि आपल्याकडे १९५६ साली बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे स्वतःच्या आराखड्याचं म्हणून होतं ते एचटी-२, पंख्याचं शिकाऊ विमान. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली काढलेल्या त्या कारखान्यात कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी ते आखलं आणि १९५१ साली ते उडालं. घाटगे जर्मनीतल्या गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे वायुगतीचं शास्त्र ज्यानं घडवलं त्याच माणसाकडून शिकून आलेले. मराठी वाचकांनी त्यांचं नाव अगदी तोंडपाठ ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

एवढ्या शिदोरीवर हवाई दलानं मागणी केली ती आवाजाच्या दुप्पट वेगाच्या आणि साठ हजार फुटांवर चढणाऱ्या विमानाची. त्यासाठी ऑगस्ट १९५६ मध्ये जर्मनीचे कुर्ट टांक आले. फॉकेवुल्फ १९० हे दुसऱ्या महायुद्धातलं नामांकित लढाऊ विमान त्यांचं. आपलं विमान आधी आपणच उडवून पाहायचं, अशी त्यांची रीत होती. १९४४ च्या अखेरीस ते स्वतः टा १५२ उडवत असताना अमेरिकी मस्टँग विमानांनी त्यांना गाठलं, तेव्हा इंजिनाची जादा ताकद सोडून ते निसटले. युद्धानंतर अर्जेंटिनात त्यांनी एक जेट बांधलं, तिथली सत्ता पालटली आणि ते भारतात आले. बंगळुरूत त्यांनी आधी मारुतच्याच आकाराचं लाकडी ग्लायडर केलं, बिनइंजिनाचं. १९५९ पासून डकोटा विमान त्याला दोरानं ओढत वर नेई आणि सोडून देई. अशी ७८ उड्डाणं झाली. ते उडवणाऱ्यांत मुख्य होते सुरंजन दास. मला आठवतो तो माणूस हाच.

दास कलकत्त्याचे. त्यांचे वडील सुधीरंजन दास पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. सुरंजन महायुद्धाच्या काळात हवाई दलात आले आणि नंतर इंग्लंडच्या एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूलमध्ये शिकले. पाच शत्रूविमानं पाडणाऱ्याला जगभर 'एस' म्हणतात. त्या यादीत भारताचं नाव इंद्रलाल रॉय यांचं, १९१८ साली दहा विमानं पाडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं. दास त्या यादीत नाहीत. त्यांचं काम वेगळ्या जातीचं होतं.

ते काम समजायला नेव्हिल ड्यूक यांची गोष्ट सांगावी लागते. पंचवीसहून अधिक विमानं पाडलेला हा इंग्रज वैमानिक युद्धानंतर हॉकर कंपनीचा टेस्ट पायलट झाला. ६ सप्टेंबर १९५२ ला फार्नबरोच्या प्रदर्शनात जॉन डेरी यांचं विमान लोकांच्या डोळ्यांसमोर हवेतच फुटलं. डेरी आणि त्यांचे सहकारी गेले, खाली उभे असलेले २९ प्रेक्षकही गेले. धावपट्टीवरचे तुकडे बाजूला केल्यावर पुढचं उड्डाण ड्यूकचं होतं. ते हॉकरचं हंटर विमान घेऊन वर गेले आणि आवाजाचा वेग ओलांडून दाखवला. तेच हंटर पुढे आपल्या हवाई दलानं घेतलं आणि १९७१ साली लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाडे त्यानंच मोडले.

युद्धातल्या वैमानिकाला समोर शत्रू दिसतो. टेस्ट पायलटला काही दिसत नाही. आज अमुक वेगापर्यंत जायचं, उद्या त्याहून थोडं पुढे, आणि कुठल्या आकड्यावर शेपटी थरथरू लागेल हे कुणालाच ठाऊक नसतं. पंख किंवा शेपटी एकदा त्या लयीत सापडली की काही क्षणांत तुटते. अशा वेळी हात शांत ठेवायचा, काट्यांवरचे आकडे टिपून ठेवायचे, आणि खाली आल्यावर अभियंत्याला जे घडलं तेच सांगायचं. भीती वाढवायची नाही, लपवायचीही नाही. त्याच्यामागून येणारी शेकडो पोरं त्या शब्दावर विसंबून त्या विमानात बसणार असतात. दासांनी कानपूरला इटुकल्या नॅट विमानाबाबत हेच केलं होतं. १७ जून १९६१ ला बंगळुरूत त्यांनी मारुत पहिल्यांदा हवेत नेलं.

आणि तिथेच त्या विमानाचं दुखणंही सुरू झालं. टांक यांनी मारुत आखलं होतं ब्रिस्टल कंपनीच्या बड्या, ज्वाळा फेकणाऱ्या ऑर्फियस इंजिनासाठी. ब्रिटिश सरकारनं ते पूर्ण करायला पैसे देणं थांबवलं, आणि खर्च भारतानं उचलावा अशी अट पडली. दिल्लीनं नकार दिला. मग मारुतमध्ये बसवली गेली नॅटचीच भावंडं, प्रत्येकी साधारण २,२०० किलो जोराची दोन साधी ऑर्फियस. दहा टनांहून जास्त वजन घेऊन उडायचं आणि जोर एवढाच! आवाजाच्या दुप्पट वेगासाठी घडवलेलं शरीर आवाजाच्या वेगाशी जेमतेम पोचलं. इजिप्तमध्ये तयार होत असलेलं इंजिन बसवून पाहिलं, तेही मार्गी लागलं नाही. ज्या रकमेसाठी तेव्हा नकार दिला गेला, त्याची खरी किंमत पुढची तीस वर्षं मोजली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. शरीर घडवायला आपण जगातला उत्तम माणूस आणला आणि हृदयाच्या वेळी हात आखडला.

उरलेला उपाय एकच होता: आहे त्या ऑर्फियसलाच मागून ज्वाळेची जोड द्यायची. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेनं ती तयार केली, विमानाला नाव मिळालं मार्क १आर. ते उडवून पाहायची जबाबदारीही दासांकडेच. १० जानेवारी १९७० ला बंगळुरूत ते विमान कोसळलं आणि ग्रुप कॅप्टन दास गेले. वय पन्नासाच्या आत. सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. आज बंगळुरूत जुन्या विमानतळाजवळ सुरंजन दास रोड आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव कशासाठी दिलंय ते ठाऊक असेल!

पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. राजस्थानच्या सीमेवर मारुतच्या तुकड्यांनी जमिनीलगत उडत नया छोरच्या बाजूला मारा केला. ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मारुतच्या तोफांनी एक पाकिस्तानी सेबर विमान पाडलं. शत्रूच्या विमानानं एकही मारुत पाडलं नाही. जमिनीवरच्या गोळीबारात एक इंजिन निकामी झालेली विमानं दुसऱ्या इंजिनावर घरी परतली, किमान तीनदा. ज्या दोन छोट्या इंजिनांबद्दल एवढी हळहळ केली, त्यांनीच ही माणसं परत आणली. हेही सांगायलाच हवं. एकूण १४७ मारुत बांधली गेली, १९९० च्या सुमाराला शेवटची निवृत्त झाली.

मग पुन्हा आपल्या आराखड्याचं लढाऊ विमान उडायला ४ जानेवारी २००१ उजाडलं: तेजस, वैमानिक राजीव कोठियाल. आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क १ए तिथूनच आकाशात गेलं. बातमी वाचताना मी आधी इंजिनाची ओळ शोधली. इंजिन अमेरिकेचं, आणि ती इंजिनं वेळेत येत नसल्यानं विमानं खोळंबलेली. आपल्या कावेरी इंजिनावर तीन दशकांहून जास्त काळ काम झालंय, पण तेजसच्या पोटात ते नाही.

गच्चीवरच्या त्या नातवाला गेल्या डिसेंबरात मी वरळीला नेलं. आजोबाही आले, गुडघे दुखत असताना. मुलानं मारुतला आधी नाकाकडून पाहिलं, मग पंखाखालून वाकून, मग मागे गेला. मागच्या टोकाला दोन गोल तोंडं आहेत, रिकामी. तो पायाच्या बोटांवर उभा राहून आत डोकावला आणि ओरडला, "आजोबा, इथं काय होतं?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरंजन दासांपासून सुरुवात केली.