संमती, आक्षेप, मनाई

1890 च्या भारतीय रेल्वे कायद्यात 110 वं कलम होतं. धूम्रपानासाठी राखून ठेवलेला डबा सोडला, तर इतर कुठल्याही डब्यात सहप्रवाशांच्या संमतीशिवाय कुणी ओढायला लागला की त्याला 20 रुपयांपर्यंत दंड. जवळजवळ शंभर वर्षांनी, 1989 मध्ये, नवा रेल्वे कायदा आला. त्याच्या 167 व्या कलमानं दंड 100 रुपयांवर नेला, पण अट उलटी फिरवली. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशानं आक्षेप घेतला, तरच ओढायचं नाही. साहेबाच्या राज्यात विचारायचं काम ओढणाऱ्याचं होतं. स्वतंत्र भारतात नको म्हणायचं काम न ओढणाऱ्याच्या गळ्यात पडलं. गाडीत सरसकट मनाई करायची मुभा त्याच कलमानं रेल्वेला दिली होती, पण ती वापरायला बराच काळ जावा लागला.

ज्याला धूर सोसत नाही त्याच्यासाठी गेल्या चाळीसेक वर्षांतला प्रवास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास आहे. तोंड उघडायचं कुणी? मला लहानपणापासून दमा, त्यामुळे हा इतिहास मला डब्यात बसूनच शिकावा लागला.

पुष्कळजण याला ‘धुराची अ‍ॅलर्जी’ म्हणतात. शेंगदाण्याची किंवा परागकणांची अ‍ॅलर्जी असते तसली ही बहुधा नसते. तंबाखूच्या धुरातले बारीक कण आणि वायू श्वासनलिकेचं अस्तर थेट चिडवतात. दमेकऱ्याच्या नळ्या आधीच चिडक्या, त्या लगेच आवळतात. डोळे चुरचुरतात, घशात खवखव सुरू होते, मग छातीवर कुणी बसल्यासारखं होतं आणि शिट्टी वाजायला लागते. बाजूच्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त खोकला, आणि खोकला तर मुद्दामही काढता येतो. ‘एवढ्याशा धुरानं काय होतंय’ हे वाक्य म्हणूनच इतकी वर्षं टिकलं. दुसऱ्याचा धूर हा शिष्टाचाराचा नाही, प्रकृतीचा मामला आहे, हे शास्त्रानंही उशिराच सांगितलं. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी 1981 मध्ये सिगारेट ओढणाऱ्या नवऱ्यांच्या न ओढणाऱ्या बायकांमधला फुप्फुसाचा कर्करोग दाखवून दिला. 1986 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी त्याच विषयावर अख्खा अहवाल काढला. आमच्या थ्री टियरच्या डब्यापर्यंत ती बातमी आली नव्हती.

ऐंशीच्या दशकातली रात्रीची गाडी, मे महिना, आजोळी विदर्भात निघालेलो. डबा खचाखच, दोन बाकांच्या मधल्या जागेत ट्रंका. समोरचे गृहस्थ विडीचं बंडल काढायचे, एक विडी बोटांत फिरवून कानाशी न्यायचे, मग काडी ओढायचे. आईचं लक्ष त्या काडीवर असायचं. “दादा, पोरीला दमा आहे हो,” ती अजिजीनं म्हणायची. निम्मे लोक लगेच उठून दाराशी जायचे, काहीजण विडी विझवून कानावर ठेवायचे. एखादा मात्र म्हणायचाच, “खिडकी उघडी आहे की, ताई,” किंवा “एवढं आहे तर फर्स्ट क्लासनं जावं माणसानं.” खरी गोम पुढेच होती. मिळालेली सूट पुढच्या स्टेशनापर्यंतच चालायची. तिथे नवा माणूस चढायचा आणि आईला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. तेव्हा ते 110 वं कलम लागू होतं. डब्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आम्हालाही नाही.

आणि सगळ्यांनाच सांगता यायचं असंही नाही. लग्नाच्या वऱ्हाडात व्याही पुढच्या सीटवर सिगारेट पेटवून बसले, तर मुलीकडच्यांनी काय बोलायचं? एसटीत ‘धूम्रपान करू नये’ ही पाटी डोक्यावरच रंगवलेली असायची, पण खाली बसलेला म्हातारा बाबा आजोबांच्या वयाचा. शिवाय दम लागला की माणसाला वाक्य पुरं करता येत नाही. आक्षेपाची अट घालणाऱ्या कायद्याला एवढी साधी गोष्ट सुचली नाही. ज्याला सगळ्यात जास्त त्रास, त्याच्याकडेच त्या वेळी बोलायला श्वास नसतो.

तेव्हाचे उपाय म्हणजे नाकाला ओला रुमाल, खिडकीची जागा, औषधाची गोळी आणि शक्य असेल तिथे बायकांचा डबा. ओल्या रुमालानं मनाला बरं वाटायचं, धूर फारसा अडायचा नाही. वरचा बर्थ तर धुराचं माहेरघर, कारण गरम धूर वरच चढतो. इन्हेलर घरात आला तेव्हा ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो कपाटातच राहिला, ती भीती निघायला आणखी काही वर्षं गेली.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र पालटायला लागलं. दिल्लीनं 1996 मध्ये आणि गोव्यानं 1997 मध्ये आपापले कायदे केले. गोव्याच्या कायद्यात धूम्रपानाबरोबर थुंकण्यालाही बंदी होती. 1999 मध्ये रेल्वेनं स्टेशनांवर आणि गाड्यांत विडी-सिगारेट विकणं थांबवलं. त्याच वर्षी जुलैत केरळ उच्च न्यायालयानं सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यांच्या याचिकेवर 2 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश आला आणि रुग्णालयं, शाळा, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या यांच्या जोडीनं रेल्वेसह सार्वजनिक वाहनांतही धूम्रपान बंद झालं. 2003 मध्ये तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे कडक नियम देशभर लागू झाले. दंड 200 रुपयांपर्यंत. पाटी किती मोठी हवी तेही ठरलं, 60 बाय 30 सेंटिमीटर.

रक्कम आजच्या हिशेबानं किरकोळ आहे. पण मला जाणवलेला फरक दंडाचा नव्हता. पूर्वी सांगावं लागायचं, “मला दमा आहे.” म्हणजे चारचौघांत आपलं दुखणं उघडं करायचं आणि समोरच्याच्या दयेवर राहायचं. आता “इथे मनाई आहे” एवढं म्हटलं की भागतं. माझ्या फुप्फुसांची कैफियत मधून निघून गेली. ऐकणाऱ्यालाही ते सोपं झालं, कारण माघार घेताना त्याला माझ्यापुढे नमावं लागत नाही, नियम पाळला म्हणता येतं.

विमानांची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिथे आधी आगीची भीती होती. जुलै 1973 मध्ये ब्राझीलहून पॅरिसला आलेल्या विमानाच्या मागच्या शौचालयात आग लागली आणि 123 माणसं गेली. कचऱ्याच्या पेटीत टाकलेली सिगारेट हे संभाव्य कारण मानलं गेलं. तरीही पुढे कित्येक वर्षं विमानात ओढणाऱ्यांच्या रांगा वेगळ्या असायच्या, हवा मात्र सगळ्यांना एकच. 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं जुलै 1996 पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणं धूरमुक्त करा, असं देशांना सांगितलं. अमेरिकेत जवळजवळ सगळ्या देशांतर्गत उड्डाणांत 1990 मध्येच बंदी आली होती, 2000 मध्ये तिथे येणारी-जाणारी आंतरराष्ट्रीय उड्डाणंही त्यात आली. आजही विमानाच्या शौचालयाच्या दाराला राखदाणी असते आणि तिच्याशेजारीच मनाईचं चिन्ह. पाहून हसू येतं, पण ती विसरून राहिलेली नाही, नियमानंच तिथे ठेवलेली आहे. एखाद्यानं बंदी मोडून पेटवलीच, तर थोटूक कागदाच्या पेटीत जाऊ नये. नियम करणाऱ्यांनी माणूस ओळखला होता.

बंदी आली म्हणून धूर नाहीसा झाला नाही, तो कडेला सरकला. गाडीत तो दोन डब्यांच्या जोडावर आणि शौचालयात गेला. वातानुकूलित डब्यात दार उघडलं की तिथूनच आत येतो. म्हणून बर्थ घेताना डब्याचा मधला भाग बरा; बहात्तर बर्थच्या स्लीपरमध्ये 33 ते 40 हा कप्पा दोन्ही दारांपासून लांब पडतो. नव्या गाड्यांत मात्र आक्षेप घ्यायचं काम यंत्राकडे गेलंय. ऑगस्ट 2023 मध्ये तिरुपती-सिकंदराबाद वंदे भारतमध्ये एकानं शौचालयात सिगारेट पेटवली, धूर ओळखणारी यंत्रणा जागी झाली, आग विझवायची पूड उडाली आणि गाडी थांबली. यंत्राला भीड नाही आणि समोरच्याचं वयही दिसत नाही.

सगळ्यात चिवट जागा हॉटेलची. 2003 च्या कायद्यानं 30 किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना, 30 किंवा अधिक जणांच्या उपाहारगृहांना आणि विमानतळांना धूम्रपानाची वेगळी जागा ठेवायची सवलत दिली. शिवाय धूर खोलीतून गेला तरी त्याचं किटण पडद्यावर, गादीत, भिंतीवर बसतं आणि दिवसेंदिवस हवेत परत येत राहतं. सॅन डिएगोच्या संशोधकांनी हॉटेलं तपासली, तेव्हा एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट निघाली. काही खोल्यांत धूम्रपान चालणाऱ्या हॉटेलांतल्या ‘नॉन-स्मोकिंग’ खोल्यांतही निकोटिन सापडलं, आणि ते पूर्ण धूरमुक्त हॉटेलांपेक्षा जास्त होतं. तेव्हापासून मी खोली नॉन-स्मोकिंग आहे का, हे विचारतच नाही. सबंध हॉटेलात बंदी आहे का, असं विचारते. काउंटरवर सही करायच्या आधी सामान बाहेर ठेवून एकटी खोलीत जाते. पडदा नाकाशी धरायचा, कपाट उघडून वास घ्यायचा, रग झटकायचा. खोलीत भपकन सुगंधी फवाऱ्याचा वास आला, तर तो कशावर मारलाय ते समजून घ्यायचं.

परदेशातही हे काम टप्प्याटप्प्यानंच झालंय. जपानमध्ये शिंकान्सेनला पहिला धूम्रपानमुक्त डबा 1976 मध्ये जोडला गेला आणि तोक्यो-ओसाका मार्गावरच्या गाड्यांतल्या धूम्रपानाच्या शेवटच्या खोल्या मार्च 2024 मध्ये बंद झाल्या. ऑस्ट्रियातल्या उपाहारगृहांत पूर्ण बंदी नोव्हेंबर 2019 पासून. मिलाननं जानेवारी 2025 पासून रस्त्यावरही इतरांपासून दहा मीटर लांब जायला सांगितलं. सहलीला गेलेल्या आपल्या लोकांना युरोपात फुटपाथवरच्या टेबलांची भारी हौस. आत बंदी असल्यानं ओढणारे नेमके तिथेच बसतात. दमेकऱ्यानं आत बसावं, फोटो बाहेर काढावा.

पिशवीतही फरक पडलाय. रोजचा प्रतिबंधक इन्हेलर प्रवासात चुकवायचा नाही, तातडीचा पंप विमानात आणि गाडीत हाताशीच ठेवायचा. एन-95 मास्क धुरातले कण बऱ्यापैकी अडवतो, वायू अडवत नाही, त्यामुळे मास्क आहे म्हणून धुरात थांबायचं नाही. गाडीत ओढताना कुणी सापडला, तर टीसीला सांगता येतं, 139 वर तक्रार करता येते.

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले 10.7 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते. दहातले नऊजण ओढत नाहीत, तरी बोलायचं त्यांतल्या एका दमेकऱ्यानंच, असा जुना हिशेब होता. तो बदलतोय. अलीकडे एका गाडीत दाराशी उभ्या असलेल्या माणसाला माझ्याआधी शेजारच्या कप्प्यातला कॉलेजचा पोरगा म्हणाला, “काका, इथे नको, धूर आत येतोय.” काकांनी सिगारेट विझवली. पोराला दमाबिमा काही नव्हता.

राहिल्या त्या तीन जागा. हॉटेल-उपाहारगृहं आणि विमानतळावरची काचेची खोली या त्यातल्या दोन. हॉटेल-उपाहारगृहांची सवलत काढून टाकायचा, दंडही 2,000 रुपये करायचा प्रस्ताव 2020 च्या दुरुस्तीच्या मसुद्यात होता. तो मसुदा मसुदाच राहिला. त्याचा पाठपुरावा व्हायला हवा. तिसरी जागा भाड्याची गाडी. टॅक्सीतही मनाई आहेच, पण घाटात, काचा बंद असताना, चालकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून गाडी ठरवतानाच, पैशांच्या बोलण्याआधी, फोनवर सांगून टाकावं की गाडीत ओढायचं नाही आणि ओढलेली गाडी पाठवायची नाही. ज्यांना धुराचा त्रास नाही, त्यांनीही सांगावं. पुढच्या भाड्याला गाडीत कोण बसणार आहे, ते त्यांना माहीत नसतं.